हाऊस रूल्स किती ठेवायचे? (एका फायटरचा हात गेलाय आणि आमचं टेबल फुटायच्या बेतात आहे)

रंकाळ्याचा_डीएम (रविवार, सकाळी ९:१२)

मंडळी, रात्रभर नीट झोप नाही म्हणून सकाळी सकाळी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत आपापलं पात्र चालवून गोष्ट खेळायचा खेळ) ग्रुप गेली दोन वर्षं दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे बसतो, रंकाळ्याच्या बाजूला. पाच खेळणारे आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा पंच. फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं. पहिल्या दिवशी ठरलेलं की पुस्तकात आहे तेवढंच खेळायचं, पण कसं होतं, एखाद्या शनिवारी काहीतरी खटकतं, कोणतरी म्हणतं "असं करूया की", आणि मी ते वहीत लिहून टाकतो. ती शंभर पानी वही म्हणजे आता आमच्या टेबलाचा सातबारा झालीय. आज सकाळी मोजले, ३१ नियम निघाले. त्यातले निम्मे मलाच आठवत नव्हते. एका ठिकाणी तर नुसतं "दोरी – बघू" एवढंच लिहिलंय.

बरेचसे नेहमीचेच आहेत. पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला ॲक्शनऐवजी बोनस ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतलं मुख्य काम खर्च न करता जादाच्या छोट्या कामात. क्रिट (हल्ल्याच्या रोलला २०) पडला की डॅमेजच्या डाइसचा मोठ्यात मोठा आकडा धरायचा आणि वर परत एक टाकायचा. शत्रूला दोघांनी समोरासमोरच्या बाजूंनी घेरलं की ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), हा फ्लँकिंगचा नियम तर पुस्तकातच ऑप्शनल म्हणून दिलाय.

आणि मग नियम नंबर ७. हल्ल्याच्या रोलला १ पडला की डीएमच्या पुस्तकातल्या लिंगरिंग इंज्युरीच्या (मागं राहणाऱ्या जखमांच्या) तक्त्यावर डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा. तक्ता पुस्तकातलाच आहे, पण पुस्तकात तो क्रिट बसल्यावर किंवा शून्य एचपीला (जीव किती उरलाय तो आकडा) पडल्यावर वगैरे वापरा असं सुचवलंय. १ पडल्यावर स्वतःलाच इजा, हे डोकं माझं. दोन वर्षं यावर लई हसलोय आम्ही, बरगड्या मोडल्या, तोंडावर व्रण आले, एकजण तीन सेशन लंगडत होता.

काल आमच्या फायटरला १ पडला, मग तक्त्यावर २ पडला. २ म्हणजे हात गेला. डावा. समोर कोण तर साधे गोब्लिन. ढाल धरता येत नाही म्हणजे एसी (मार बसायला शत्रूच्या रोलनं गाठायचा आकडा) १८ वरून १६, आणि हात परत उगवायला रिजनरेट लागतो, सातव्या लेव्हलचा स्पेल, आमची पार्टी आत्ता कुठं पाचव्या लेव्हलला पोचलीय. तो काही बोलला नाही. फासे पिशवीत भरले, "चल भावा, उशीर झाला" म्हणाला आणि गेला. साडेआठ वाजलेले फक्त. आम्ही अकराच्या आत कधी उठत नाही आणि काल आईनं पांढरा रस्सा केलेला. रस्सा टाकून माणूस गेला म्हणजे विषय हार्ड आहे.

तर ३१ पैकी किती ठेवू? तुमच्या टेबलवर काय चालतं?

तांबडा_रस्सा (रविवार, सकाळी ९:४०)

पहिला प्रश्न, त्याच्या वाट्याचा रस्सा कुणी खाल्ला.

पहिल्यांदाच_वाचतोय (रविवार, सकाळी ९:५५)

प्रश्न बावळट असेल तर माफ करा, ऑप्शनल रूल आणि हाऊस रूल यात फरक काय? मी आत्ताच प्लेअर्स हँडबुक मागवलंय.

रंकाळ्याचा_डीएम (रविवार, सकाळी १०:०२)

बावळट नाही. ऑप्शनल म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनीच "हवा तर घ्या" म्हणून दिलेला. गंमत म्हणजे २०१४ च्या हँडबुकात फीट (पात्राचं खास कसब) आणि मल्टिक्लासिंग (एकाच पात्रानं फायटर आणि विझार्ड असं दोन्ही होणं) दोन्ही ऑप्शनल आहेत, पण मी आजवर एकही टेबल बघितलं नाही जिथं फीट नाहीत. हाऊस रूल म्हणजे आपण घरी बसून काढलेला. आमचा ७ नंबर अर्धा हा अर्धा तो.

आकडेमोड (रविवार, सकाळी १०:३०)

इचलकरंजीहून नमस्कार. दादा, तुमच्या ७ नंबरचं गणित कुणी केलंय का? मी आत्ता चहा पिता पिता केलं.

डी२० वर १ पडायची शक्यता ५ टक्के. तक्त्यावर १, २, ३ म्हणजे अनुक्रमे डोळा, हात, पाय, तीन आकडे म्हणजे १५ टक्के. दोन्ही मिळून एका हल्ल्याला ०.७५ टक्के, ऐकायला किरकोळ. पण तुमचा फायटर पाचव्या लेव्हलचा, त्याला दर टर्नला दोन हल्ले. चार राउंडच्या एका मारामारीत ८ हल्ले, आणि ८ हल्ल्यांत निदान एकदा तरी १ पडायची शक्यता जवळजवळ ३४ टक्के. अशा बारा-तेरा मारामाऱ्या म्हणजे १०० हल्ले, तुमच्याकडं चार-पाच शनिवारांचं काम. १०० हल्ल्यांत डोळा, हात किंवा पाय यातलं काहीतरी जायची शक्यता निघते साधारण ५३ टक्के. म्हणजे हा हात कधी ना कधी जाणारच होता, काल गेला इतकंच.

आता विझार्डकडं (जादूगाराकडं) बघा. तो फायरबॉल टाकतो. ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) डॅमेज, आणि हल्ल्याचा रोलच नाही, वाचायचं असेल तर समोरच्यानं सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. विझार्डला त्या टर्नला १ पडायची शक्यता शून्य.

आणि फायटर जितका पुढं जाईल तितकं वाईट. अकराव्या लेव्हलला तीन हल्ले होतात, एका टर्नला १ पडायची शक्यता १४ टक्क्यांच्या वर. विसाव्याला चार हल्ले, साडेअठरा टक्के. जगातला सगळ्यात भारी तलवारबाज दर पाच-सहा टर्नना स्वतःलाच काहीतरी करून घेणार.

गडहिंग्लजकर (रविवार, सकाळी ११:०५)

वरच्याला +१. तालमीत असा नियम असता तर नवं पोरगं उभं राहिलं असतं आणि खासबागेत गाजलेला पैलवान दर कुस्तीत स्वतःच्याच लांगेत पाय अडकून पडला असता.

आमचं पण एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही डीएमच्या पुस्तकातला ग्रिटी रिअलिझम घेतला, ज्यात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांचा आणि लॉन्ग रेस्ट (मोठी विश्रांती) चक्क सात दिवसांचा. वाचताना असलं भारी वाटलं, आता कसं खरंखुरं वाटंल, जखमा भरायला वेळ लागंल वगैरे. कॅम्पेन (अनेक शनिवार चालणारी एक गोष्ट) घाटातून प्रवासाचं होतं तोवर सोन्यासारखं चाललं, कारण दोन दिवसांत एखादी मारामारी. मग पार्टी एका पडक्या किल्ल्यात उतरली आणि बोंबललं सगळं. विझार्डचे स्लॉट (जादू वापरायचा साठा) दुसऱ्याच खोलीत संपले, सात दिवस झोपायला जागा नाही, तो बिचारा तीन शनिवार मोबाईल बघत बसला. वॉरलॉकला (दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराला) शॉर्ट रेस्टवर स्लॉट परत मिळतात, तो झाला राजा. तोच म्हणायचा नियम ठेवूया.

तेव्हापासून मी एकच विचारतो, नवीन नियम कुणाच्या खिशातून जातोय? ज्याच्या खिशातून जातोय त्यानं मागितला असंल तर बिनधास्त घ्या. दुसऱ्यानंच मागितला असंल तर जरा थांबा.

जुनं_खोकं (रविवार, दुपारी १२:२०)

मुलांनो, मी राजारामपुरीत राहते आणि या धाग्यावर बहुतेक सगळ्यात म्हातारी मीच असेन, तर थोडी ऐतिहासिक भर घालते.

हा खेळ मुळात हाऊस रूलमधूनच उभा राहिलाय. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांची तीन छोटी पुस्तकं एका खोक्यात आली, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात मारामारीसाठी तुमच्याकडं आधीचा 'चेनमेल' हा सैन्यांच्या लढाईचा खेळ असेल असं धरलेलं होतं, आणि वीस बाजूंचा फासा टाकून एसीवर मारायची पद्धत दिली होती ती 'पर्यायी' म्हणून. आज आपण जिला डी अँड डी म्हणतो तीच ती पर्यायी पद्धत. मूळची होती ती कुणाला आठवतही नाही. तेव्हा सुरी असो की दोन हाती तलवार, डॅमेज सारखंच, एक डी६. हत्याराप्रमाणं वेगळा फासा १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. चोर हा क्लासही (पात्राचा प्रकार) त्यातच.

२० पडला की दुप्पट डॅमेज, हेही १९७५ चंच, पण ते डी अँड डीत नाही तर 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' मध्ये आलं, आणि ते लिहिणारे बार्कर अमेरिकेत विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक होते. रच्याकने, कुठला कोण उर्दूचा मास्तर आणि आपण कोल्हापुरात शनिवारी रात्री "क्रिट!" म्हणून बोंबलतोय.

आणि डीएमसाहेब, तुमचा पोशनचा नियम आता वहीतून खोडा. २०२४ च्या नवीन पुस्तकांत पोशन बोनस ॲक्शननंच पितात. इतक्या टेबलांवर हा घरचा नियम चालायचा की शेवटी पुस्तकानंच तो उचलला. उलटंही होतं. २०२२ मध्ये खेळ काढणाऱ्यांनी चाचणीसाठी जे नियम काढले त्यात २० पडला की कुठलीही स्किल चेक (कौशल्याचा रोल) आपोआप पास, असं होतं. बऱ्याच टेबलांवर तसंच खेळतात म्हणून घातलं असणार. लोकांनी इतका आरडाओरडा केला की पुढं ते काढून टाकलं.

तांबडा_रस्सा (रविवार, दुपारी १२:३१)

ताई, आमच्याकडं २० पडला की राजाला सांगता येतं "सिंहासन दे" आणि राजा देतो. आत्तापर्यंत आमच्या बार्डकडं (गवय्याकडं) तीन राज्यं आणि एक म्हशींचा गोठा आहे.

जुनं_खोकं (रविवार, दुपारी १२:४०)

गोठा ठेव, राज्यं परत कर.

तिकटीवरचा_विझार्ड (रविवार, दुपारी २:१५)

मी थोडं उलट बोलतो. सगळे गणित करतायत, पण नियम काढायचं कारण मजा असते ना? दोन वर्षं हसलात त्या तक्त्यावर, ते पण मोजा की कुणीतरी. आमच्या टेबलवर कॉल ऑफ कथुलू (असाच, पण भयकथांचा खेळ) चालतं, सातव्या एडिशनला लकचे पॉइंट खर्च करून हुकलेला रोल पास करून घ्यायचा ऑप्शनल नियम आहे. तो आम्ही घेतला कारण दोघं सारखे मरत होते. पाच सेशन कुणी मेलं नाही आणि टेबलवर कुणी घाबरेना पण. भुताच्या वाड्यात शिरताना पोरं लकचा हिशोब करत होती, किराणाच्या यादीसारखा. काढून टाकला. पहिल्याच रात्री दोघं वेडे झाले, एक विहिरीत पडला, आणि सगळे खूश.

म्हणजे नियम सगळ्यांच्या फायद्याचा असून पण खेळ मारू शकतो. नुसता कुणाच्या खिशातून गेला एवढं बघून भागत नाही.

फ्लँकिंगबद्दल पण बोला कुणीतरी, माझ्या मते खरा घाण नियम तो आहे.

आकडेमोड (रविवार, दुपारी २:५०)

घाण म्हणण्यापेक्षा महाग म्हणू. ११ किंवा वर पडायला हवा असेल तर साधी शक्यता ५० टक्के, ॲडव्हान्टेज मिळालं की थेट ७५. क्रिट ५ वरून पावणेदहा टक्के. आणि हे सगळं फुकट, फक्त दोन पावलं सरकून. बार्बेरियन (रानटी योद्धा) रेकलेस अटॅक (बेधडक हल्ला) करतो तेव्हा त्याला हेच मिळतं, पण त्या बदल्यात शत्रूलाही त्याच्यावर ॲडव्हान्टेज द्यावं लागतं. फ्लँकिंग आलं की त्याच्या त्या धाडसाला काडीची किंमत राहत नाही. शिवाय नकाशावर सगळे आमच्या एसटी स्टँडच्या रांगेसारखे उभे राहतात, एक आपला, एक त्यांचा, एक आपला, एक त्यांचा.

आम्ही ॲडव्हान्टेजऐवजी नुसते +२ देतो. ५० चे ६० टक्के. पुरे झालं.

क्रिटचा नियम मात्र डीएमदादांनी जरूर ठेवावा, फक्त राक्षसांना देऊ नये. लाँगस्वर्डचा नेहमीचा क्रिट (आठ बाजूंचे दोन फासे) +३ धरून सरासरी १२, तुमच्या पद्धतीनं साडेपंधरा. खेळणाऱ्याला दोन दोन टाकून १ आणि २ पडल्यावर जी रडवेली अवस्था होते ती टळते. पण राक्षस एका मारामारीपुरता जन्माला येतो, त्याचं काय, आपलं कॅरेक्टर मात्र वर्षभर रोज मार खातं. दोन्हीकडून क्रिट मोठे केले की शेवटी मरतो आपलाच माणूस.

गडहिंग्लजकर (रविवार, दुपारी ३:१०)

कुणी मोराल (शत्रूचा धीर खचण्याचा नियम) वापरतं का? डीएमच्या पुस्तकात ऑप्शनल आहे, शत्रू अर्ध्या एचपीवर आला की विझ्डम सेव्ह, १० च्या खाली पडला तर पळायचं. आमच्याकडं हा एकच नियम असा निघाला ज्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. मारामाऱ्या लवकर संपतात, आणि पळालेला गोब्लिन पुढच्या शनिवारी भाऊबंद घेऊन येतो, मला वेगळी गोष्ट लिहायला लागत नाही.

ढाल_तलवार (रविवार, संध्याकाळी ६:४५)

मला एकानं लिंक पाठवली. हात गेलेला तो मीच.

आधी एक सांगतो, मी हातासाठी गेलो नाही. नियम मला माहीत होता, मीच पहिल्यांदा त्यावर सगळ्यात जास्त हसलोय, लंगडणारा पण मीच होतो, आणि आकडेमोडभाऊंनी केलेलं गणित मला आधी कुणी दाखवलं असतं तरी मी खेळलोच असतो बहुतेक.

गेल्या महिन्यात आपल्या विझार्डनं फायर बोल्ट मारला, १ पडला. तक्त्यावर पण १ पडला. १ म्हणजे डोळा. डीएम काय म्हणाला आठवतंय का? "राहू दे लगा, आज वाढदिवस आहे त्याचा, परत टाक." परत टाकला, १८ आला, बारीकसा व्रण. मी काही बोललो नाही, वाढदिवस होता, केक खाल्ला. काल माझा २ पडला तेव्हा मी डीएमच्या तोंडाकडं बघत होतो. तो वहीत बघत होता. "नियम म्हणजे नियम" म्हणाला.

माझा वाढदिवस जूनमध्ये असतो, तोवर कसंबसं जगायचं बघतो.

तांबडा_रस्सा (रविवार, संध्याकाळी ६:५१)

आई गं.

जुनं_खोकं (रविवार, संध्याकाळी ७:३०)

आमच्याकडं सुट्टीत मेंढीकोट चालायचा. पानं वाटायच्या आधी मोठ्यांदा विचारायचे, बंद हुकूम की कट हुकूम? दोन्ही नियम बरोबर, भांडण त्यावर कधीच नाही झालं. भांडण व्हायचं ते आजोबांनी मध्येच धाकट्या नातवाला "बरं घे परत पान" म्हटलं की. त्यावर माझी एक बहीण आठ दिवस अबोल होती, आणि आज ती सत्तरीची आहे तरी लग्नाकार्यात अजून तो डाव काढते.

डीएमनं दया दाखवू नये असं मी म्हणत नाही. पण पडद्यामागून दाखवायची तर सगळ्यांना दाखव, नाहीतर तीच दया वहीत लिही. "कॅम्पेनमध्ये प्रत्येकाला एकदा तक्त्यावरचा रोल परत टाकता येईल." झाला नियम. मग वाढदिवस असो नाहीतर नसो.

तिकटीवरचा_विझार्ड (रविवार, संध्याकाळी ७:४२)

बाडीस. ताईंचा हा नियम मी आमच्याकडं चोरतोय.

रंकाळ्याचा_डीएम (रविवार, रात्री ९:२०)

ढाल, वाचलं. दोनदा वाचलं. मला तो वाढदिवस खरंच आठवला नाही काल, म्हणजे आठवला असता तर परत टाक म्हटलं असतं का माहीत नाही, पण आठवायला पाहिजे होता. फोन करतोय, उचल.

(संपादित, रात्री १०:५५) उचलला. बोललो. बाकी इथं लिहित नाही.

पहिल्यांदाच_वाचतोय (सोमवार, सकाळी ८:३०)

पुढं काय झालं ते पण सांगा हो, मालिकेसारखं मध्येच सोडू नका. आणि माझं हँडबुक आलं, २०२४ चं. यात फीट ऑप्शनल नाहीत, सगळ्यांना पहिल्या लेव्हललाच एक मिळतो.

रंकाळ्याचा_डीएम (पुढचा रविवार, दुपारी १:०५)

धागा वर काढतोय, वचन दिलं होतं.

काल खेळायच्या आधी सगळ्यांना वही दिली. प्रत्येकानं वाचायची, आणि जो नियम कुणी गेल्या सहा महिन्यांत वापरलेला आठवत नाही तो खोडायचा. ३१ चे १४ राहिले. पोशनचा ताईंच्या सांगण्यावरून पहिल्या पानावर नेला, तो आता पुस्तकातलाच धरायचा. फ्लँकिंग +२ केलं, बार्बेरियन खेळणाऱ्यानं टाळ्या वाजवल्या, त्यामुळं कळलं की तो वर्षभर गप्प बसून सोसत होता. मोराल घेतलं. "दोरी – बघू" म्हणजे काय हे शेवटपर्यंत कुणालाच आठवलं नाही, तरी ते ठेवलं, कारण खोडायला कुणाचाच हात होईना.

७ नंबरवर पाऊण तास गेला. मी म्हटलं काढून टाकू, तर ढालनंच नको म्हटलं. आता असं आहे की १ पडला तर टर्नच्या पहिल्याच हल्ल्याला मोजायचा, पुढच्या हल्ल्यांना नुसतं हुकलं. म्हणजे चार हल्लेवाला आणि एक हल्लेवाला दोघांना सारखंच ५ टक्के. डोळा, हात, पाय नाहीत, ते तीन आकडे आले की तात्पुरती काहीतरी फजिती, आणि ती काय ते ज्याचा फासा पडला त्यानंच सांगायची, मी नाही. फायरबॉलवाल्याला अजून काहीच होत नाही हे आकडेमोडभाऊंच्या लक्षात येईलच, त्यावर विझार्ड स्वतःच म्हणाला की निम्म्यापेक्षा जास्त जणांनी सेव्ह केला तर माझ्या दाढीला आग लागली असं धरा. कुणी मागितलं नव्हतं. लिहून घेतलं.

आणि ताईंचा "एकदा परत टाकता येईल" हा नियम. तो मागच्या तारखेपासून लागू करायचं ठरलं, म्हणजे विझार्डचा एक वापरून झाला आणि ढालचा शिल्लक आहे. त्याला म्हटलं, टाक परत, हातासाठी.

आकडेमोड (पुढचा रविवार, दुपारी १:२०)

दाढीच्या नियमाचं गणित करून सांगतो रात्री. आणि काय पडला?

ढाल_तलवार (पुढचा रविवार, दुपारी १:४८)

टाकला नाही. शिल्लक ठेवलाय. गावातल्या लोहाराकडून हाताच्या जागी आकडा बसवून घेतला, त्यानं दोरीला लटकता येतं, त्यामुळं तो वहीतला नियम पण बहुतेक मार्गी लागंल. फक्त ढाल पडून आहे, सुस्थितीत, एक मालक, गोब्लिनांचे दोन-चार ओरखडे. क्लेरिक (आमच्या पार्टीतला पुजारी) दहा सोन्याच्या मोहरा म्हणतोय, मी पंधरावर अडलोय.